वसईच्या तहाची पुरवणी कलमे

पुण्याबाहेर हडपसरच्या रणांगणावर यशवंतराव होळकरांनी दाणादाण उडविल्यानंतर महाड-हर्णैच्या वाटेने निसटून, अखेर इंग्रजांच्या जहाजातून वसईच्या किनाऱ्यास लागलेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी जो तह करून दिला, त्यान्वये निदान ६,००० पायदळाची इंग्रजी फौज आपल्या मुलखात कायमची ठेवून घेणे, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश तोडून देणे, आणि इंग्रजांशी वैर असलेल्या कोणाही युरोपियनास चाकरीत न ठेवणे, ही बंधने त्याने पत्करली, हे शाळेत इतिहासाच्या तासाला जागा राहिलेल्या कोणासही ठाऊक असते. हा तह १८१८ साली पेशवाईबरोबरच निकालात निघाला, अशी इतिहासकारांची समजूत आहे. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ते दफ्तरे पाहतात, गॅरेजे पाहत नाहीत. वसई तालुक्यातील काही वाड्यांत, केळीच्या बागेला लागून घातलेल्या पत्र्याच्या शेडखाली, हा तह आजतागायत अमलात असून त्याची सर्व कलमे निष्ठेने पाळली जात आहेत, असे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. फरक असलाच तर एवढाच, की तैनाती फौजेत ६,००० शिपायांच्या जागी एकच मोटार असते, आणि तीही बव्हंशी तैनातच असते.

अशा एका मोटारीच्या धन्यांचा उल्लेख पुढे मी ‘मालक’ असा करणार आहे; कारण परिवहन खात्याच्या दफ्तरी त्यांची नोंद तशी झालेली आहे, आणि त्या दफ्तराबाहेर ते कशाचेही मालक असल्याचा पुरावा मला आढळलेला नाही. मालक गासच्या बाजूस राहतात. सोमवार ते शनिवार नालासोपाऱ्याहून चर्चगेटच्या लोकलमध्ये एका पायावर स्वतःचा आणि दोन्ही खांद्यांवर परक्यांचा भार वाहत ते मुंबईस नोकरीला जातात, आणि रविवारी आपल्या १९४८ सालच्या, गडद हिरव्या रंगाच्या, एम. जी. टी. सी. नामक दोन आसनी उघड्या मोटारीपुढे रुजू होतात. इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डन गावी १९४५ ते १९४९ ह्या काळात अशा सुमारे १०,००० गाड्या निघाल्या. १,२५० घनसेंटिमीटरचे एंजिन, दोन कार्बोरेटर, तारेच्या आऱ्यांची उंच आणि अरुंद चाके, बोनेटवर आडवी पाडता येणारी समोरची काच, आणि पाठीमागे गाठोडे बांधल्याप्रमाणे उघडी टांगलेली पेट्रोलची टाकी. टाकीत पेट्रोल किती आहे हे सांगणारा काटा मात्र हिला नाही. पेट्रोल संपत आले की एक हिरवा दिवा लागतो. उर्वरित जगात हिरवा दिवा ‘जा’ असे सांगतो. ह्या गाडीत तो ‘आता कसा जातोस ते पाहतो’ असे सांगतो. ताशी ७५ मैलांच्या पलीकडे ती जाते अशी तिची ख्याती आहे, आणि ही ख्याती मालकांनी पुस्तकात वाचलेली आहे.

मोटार ही धोक्याची चीज आहे, असा शेरा कोणा पाहुण्याने मारलाच, तर मालक शांतपणे त्यास सांगतात, की एम. जी. मोटारींचा जनक सेसिल किंबर, ज्याने हयातभर वेगवान गाड्या घडविल्या आणि हाकल्या, तो १९४५ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकापाशी झालेल्या आगगाडीच्या अपघातात वारला. विरार लोकलचा नित्याचा प्रवासी असलेला पाहुणा ह्या युक्तिवादापुढे निरुत्तर होतो आणि चहा मागतो.

गाडी घेतली मालकांच्या वडिलांनी. ते मुंबईच्या गोदीत कारकून होते, आणि मायदेशी परतण्याच्या घाईत असलेल्या एका साहेबाने कपाटे, कुत्रा व मोटार अशी जी मालमत्ता विक्रीस काढली, तीतली कपाटे एकाने नेली, कुत्रा दुसऱ्याने नेला, आणि राहिले ते वडिलांच्या वाट्यास आले. भाईंदरच्या खाडीवरून त्या काळी आगगाडी जात असे, मोटार जात नसे. सबब दोन होड्या एकत्र बांधून, त्यांवर फळ्या टाकून गाडी वसईस उतरविली, अशी हकीकत त्या घरात सांगतात. मला ती खरी वाटते. बाजीरावही वसईस पाण्यावरूनच आला होता. गाडी घरात आली आणि थोड्याच वर्षांत तिचे माहेर तुटले. कारण ज्यांना हिंदुस्थानात मोटार घडवायची नसून परदेशी भाग येथे आणून नुसते जोडायचे आहेत त्यांनी आपला गाशा गुंडाळावा, असे सरकारने १९५३ साली ठरविले, आणि १९२८ पासून शिवडीस गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीनेही तो गुंडाळला. तेव्हापासून विलायती गाडीच्या धन्यास तीनच आधार उरले: मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याचे भंगारवाले, आणि बोटीवर नोकरी करणारा पुतण्या, जो घरच्या मंडळींसाठी चॉकलेटे आणि काकांसाठी गॅस्केट घेऊन येत असे व दोन्ही एकाच पिशवीतून आणल्यामुळे दोहोंस एकमेकांचा वास लागलेला असे.

फौजेच्या खर्चाचे कलम सर्वांत कडक. मालकांच्या घरी जमाखर्चाची वही वहिनी लिहितात, आणि तीत किराणा, वीज, शाळा, लग्ने-बारशी ह्या खात्यांच्या पंक्तीला ‘इंग्रज’ नावाचे एक स्वतंत्र खाते त्यांनी फार वर्षांपूर्वी उघडलेले आहे. ‘ह्या महिन्यात इंग्रजाला किती गेले?’ असे त्या महिनाअखेरीस विचारतात. मालक खऱ्या रकमेच्या निम्मा आकडा सांगतात. वहिनी तो मनातल्या मनात दुप्पट करून लिहितात, आणि अशा रीतीने कोणीही खरे न बोलता वही बिनचूक राहते. पेशव्यास निदान एवढे समाधान होते, की मुलूख एकदाच तोडून द्यायचा होता. येथे तो टप्प्याटप्प्याने तुटत गेला. प्रथम पडवी गेली, कारण पावसात चाके बाहेर ठेवता येईनात. मग गोठा गेला, त्यात जुनी चेसी गेली. मग माजघरातील कोनाड्यात डायनॅमो येऊन बसला. आणि पाहुण्यांच्या पलंगाखाली गाडीचा एक दरवाजा असा काही ठेवला आहे, की रात्री पाणी प्यावयास उठलेला पाहुणा आधी त्याला अडखळतो आणि मग क्षमा मागतो, कारण अंधारात त्यास तो घरातला वडील माणूस वाटतो.

परक्या युरोपियनांविषयीचे कलम मात्र स्वतः इंग्रजांनीच मोडलेले आहे, आणि हा शोध लागला तेव्हा मालकांच्या मुद्रेवर जो आनंद पसरला, तो मी कधी विसरणार नाही. इंग्रजी यंत्रांचे आटे हा एक स्वतंत्र धर्म आहे. १८४१ साली सर जोसेफ विटवर्थ ह्यांनी त्याची स्मृती लिहिली. तीनुसार पान्यावर कोरलेला आकडा पान्याच्या तोंडाशीही जुळत नाही आणि नटाच्या डोक्याशीही जुळत नाही, कारण तो आत दडलेल्या बोल्टच्या दांड्याचा व्यास असतो. म्हणजे दिसते त्यावर लिहिलेले नसते आणि लिहिलेले असते ते दिसत नाही. इतके आत्मसात करून मालक विटवर्थचे पाने घेऊन एंजिनाला भिडले, डोकी बिनतक्रार सुटली, आणि बोल्ट बाहेर येताच पाहतात तो त्यांवरचे आटे इंग्रजी नव्हेतच; ते मिलिमीटरचे! ह्याचे कारण असे, की पहिल्या महायुद्धात हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीने कॉव्हेंट्रीत कारखाना काढला, तो पुढे १९२३ साली मॉरिसने खरेदी केला, आणि त्यातली यंत्रे फ्रेंच मापाचे आटे पाडणारी असल्यामुळे ती फेकून न देता, आटे फ्रेंच ठेवून त्यांवर डोकी तेवढी इंग्रजी पान्याची बसविण्यात आली. ही तडजोड पंचवीस वर्षे चालत येऊन मालकांच्या एंजिनात उतरली. गाडीचे बाकीचे अंग शुद्ध इंग्रज. एंजिन आणि गिअरबॉक्स मात्र इंग्रजी टोपी घातलेले फ्रेंच. नेपोलियनविरुद्ध ज्यांनी बाजीरावाकडून शपथ लिहून घेतली, त्यांनीच पुढे स्वतःच्या सर्वांत लाडक्या मोटारीच्या हृदयात फ्रेंच माणूस लपविला, ही बाब दुसऱ्या बाजीरावास कळली असती, तर पेशवाई गेल्यावरचे त्याचे ब्रह्मावर्तातले दिवस थोडे सुखाचे गेले असते.

त्यातही गंमत अशी, की हे आटे आजच्या मिलिमीटरी आट्यांहून बारीक. आठ मिलिमीटरच्या बोल्टवर हल्ली सव्वा मिलिमीटरचा आटा असतो, तर ह्यांवर एक मिलिमीटरचा. त्यामुळे माणिकपूरच्या हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट भोकात विश्वासाने शिरतो, दोन फेरे आनंदाने फिरतो, आणि तिसऱ्या फेऱ्यास असा रुतून बसतो, की आता पुढेही नाही आणि मागेही नाही. ह्या पेचातून सोडवणारा वर्ग वसईतच नांदतो, हे मालकांचे पूर्वसंचित. वालीव, सातिवली, गोखिवरे ह्या भागांतल्या औद्योगिक गाळ्यांत काय बनत नाही, हे विचारणे सोपे. दाटीवाटीच्या त्या वसाहतींतून लेथ, मिलिंग, पॉलिश आणि पावडर कोटिंग ह्यांचा घोष दिवसभर चाललेला असतो, आणि नमुना हाती द्यावा, त्याची प्रतिकृती संध्याकाळी न्यावी, अशी तेथील वहिवाट आहे. मालक नमुना घेऊन गेले. लेथवाल्याने व्हर्नियर लावला, भुवई उंचावली, आणि विचारले, ‘किती पीस?’

‘एक.’

‘एक हजार?’

‘एकच.’

लेथवाल्याने यंत्र बंद केले. गाळ्यातल्या पोऱ्याने पंखाही बंद केला. जो मनुष्य सबंध आयुष्यात हजाराखालचा आकडा ऐकत नाही, त्यास एका बोल्टसाठी टूल घासावयास सांगणे हा अधिक्षेप होता. परंतु मालक त्यास हात धरून बाहेर घेऊन गेले, आणि ते दोघे परतले तेव्हा लेथवाल्याने बोल्ट फुकट करून देण्याचे कबूल केले होते, अट एवढीच, की गाडी गाळ्यासमोर एकदा उभी करावी. ती उभी राहिली. म्हणजे येताना चालत आली आणि गाळ्यासमोर खरोखरीच उभी राहिली. जाताना गाळ्यातल्या झाडून साऱ्या मंडळींनी तिला नाक्यापर्यंत ढकलत नेले.

परंतु केवळ लोहकर्मावर हिचे भागत नाही. टी. सी.च्या पत्र्याच्या अंगात लाकडाचा सांगाडा असतो, आणि तोही अ‍ॅश नावाच्या लवचीक विलायती लाकडाचा. एका वैशाखात दरवाजा उघडताना मालकांच्या हातात दरवाजाऐवजी त्याचा भुसा आला, आणि तपासाअंती असे निष्पन्न झाले, की गाडीला वाळवी लागली आहे. मोटारीस वाळवी लागल्याची तक्रार घेऊन मालक ज्या कीटकनाशकवाल्याकडे गेले, त्याने आधी त्यांच्या तोंडाचा वास घेतला. मग आगाशीचा सुतार आला. त्याने सागवानाखेरीज अन्य लाकडास हात लावण्याचे नाकारले, आणि त्यामुळे आजमितीस गाडीचा सांगाडा तिच्या शेडच्या दाराहून भारी लाकडाचा आहे. हुडासाठी शिंपी, आसनांसाठी कातडीकाम करणारा कारागीर, कार्बोरेटरच्या पितळी तरंगकाला डाग देण्यासाठी कासार, चाकांचे आरे ताणण्यासाठी सायकलवाला: येणेप्रमाणे गावगाड्यातली जी बलुतेदारी अन्यत्र मोडून पडली, ती एका मोटारीभोवती पुन्हा उभी राहिली. ह्या बलुतेदारांस धान्य द्यावे लागत नाही. दर मोसमात केळीचा एकेक घड आणि सुकेळ्यांची एकेक पुडी पोचती करावी लागते, आणि ती ‘इंग्रज’ खात्यावर पडते.

ह्यात दोष यंत्राचा, असे मला म्हणावयाचे नाही. अ‍ॅबिंग्डनच्या कारागिरांनी गाडी घडविली ती त्यांच्या हवेसाठी. येथे एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास मिठागरे, आणि मधल्या पट्टीत जून ते सप्टेंबर जो पाऊस कोसळतो त्यात लोखंड तर सोडाच, माणसाचा निश्चयही गंजतो. म्हणून गाडी चातुर्मास पाळते. आषाढात ती विटांवर चढते, बॅटरी सोडली जाते, एंजिनात तेल सोडून तोंडात बोळे कोंबले जातात, आणि कार्तिकीपर्यंत तिचे नुसते दर्शन घ्यायचे. २०१८ च्या जुलैत वसईत जो महापूर आला, आगगाड्या बंद पडल्या आणि मिठागरांतल्या लोकांस बाहेर काढावे लागले, तेव्हा ही प्रथा किती दूरदृष्टीची आहे ते सिद्ध झाले. पाणी मालकांच्या शेडमध्येही शिरले. ओसरल्यावर आळीतल्या नव्या गाड्या, ज्यांच्या अंगात संगणक असतो, एकामागून एक कायमच्या निजल्या. मालकांनी तेल बदलले, डिस्ट्रिब्यूटर उन्हात ठेवला, प्लग काढून वहिनींच्या तव्यावर भाजले, हँडल मारले, आणि गाडी बोलू लागली. सबंध आळी पाहावयास जमली. गाडीच्या इतिहासात दुसरी एखादी मोटार बंद असताना ही चालू असण्याचा तो एकमेव प्रसंग, आणि तो मालकांच्या तोंडून जितक्या वेळा ऐकावा तितकी पाण्याची उंची वाढत जाते. तवा नवीन घ्यावा लागला.

रविवारी सकाळी मालकांच्या वाडीत आंब्याखाली जो दरबार भरतो, त्यास मी पुष्कळदा हजर राहिलो आहे. तेथे पापडीचे एक निवृत्त मास्तर आपल्या स्टॅण्डर्ड हेरल्डमधून येतात. १९६१ पासून मद्रासेत तयार होऊ लागलेल्या ह्या गाडीस क्रीडामोटार म्हणावे की नाही, हा त्या दरबारातला सनातन वाद आहे. आणि मास्तर त्यात वंशावळीचा पुरावा दाखल करतात, की हेरल्डचा आराखडा ज्या इटालियन जोव्हानी मिकेलोत्तीने काढला, त्यानेच ट्रायम्फ स्पिटफायर ह्या उघड्या क्रीडामोटारीचाही काढला, आणि हेरल्डचीच चेसी आखूड करून ती स्पिटफायर उभी राहिली. सबब हेरल्ड ही नुसती नातलग नसून थोरली पाती ठरते. शिवाय ती पंचवीस फुटांत वळते. वसईच्या वाड्यांमधून जाणाऱ्या, दोन्ही बाजूंस गडगे असलेल्या गल्लीत जेथे रिक्षाही मागे येते, तेथे मास्तर एका दमात गाडी वळवून दाखवतात, आणि वळण्याची काही आवश्यकता नसताना दाखवतात. तिसरे गृहस्थ फियाटवाले. वालचंद हिराचंद ह्यांनी काढलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली त्यांची फियाट ११०० ही तिघांत एकटीच रोज चालते, आणि म्हणूनच त्यांना दरबारात फारसा मान नाही.

ह्या बैठकींत मी एक गोष्ट ध्यानात धरली आहे. तिघेही वेगाच्या गाड्यांचे उपासक. पण वेगाची आठवण तिघांपैकी एकासही नाही. शर्यतींच्या गोष्टी निघाल्या तर त्या मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरच्या, आणि त्याही दुसऱ्यांच्या. स्वतःची म्हणून जी स्मृती आहे ती सर्व थांबण्याची. वसई तालुक्याचा त्यांचा नकाशा वेगळाच आहे. पारनाका म्हणजे जेथे ब्रेक लागले नाहीत ते स्थळ; भुईगाव म्हणजे जेथे ते लागले आणि सुटले नाहीत ते. पापडीस पंख्याचा पट्टा तुटला, तेव्हा फुलवालीने पुड्या बांधावयाच्या केळीच्या सोपाचा पीळ घालून दिला आणि त्यावर गाडी निर्मळपर्यंत गेली. सोपाऱ्यास, जेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उकरून काढला, तेथेच कोठेतरी मालकांच्या गाडीचा सायलेन्सर गळून पडला. पुढेमागे उत्खनन झालेच तर पुराणवस्तुशास्त्रज्ञांत त्यावरून मतभेद होतील, अशी मास्तरांस आशा आहे. वज्रेश्वरीस तर देवीने कौतुकच केले. वसई सर झाल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडून जे देऊळ बांधविले, त्याच्या पायथ्याशी उन्हाळ्याच्या कुंडांजवळ पोचेपर्यंत रेडिएटर असा काही उकळला होता, की यात्रेकरूंनी त्यासही एक कुंड समजून दुरून नमस्कार केला. ही हकीकत सांगून मालक क्षणभर थांबतात, आणि मग मास्तर हेवा लपवीत म्हणतात, ‘आमची उकळली ती नुसती बाभोळ्याच्या नाक्यावर.’

लग्नाचा प्रसंग मात्र मालक स्वतः सांगत नाहीत. तो फियाटवाल्यांकडून ऐकावा लागतो. वसईत लग्न म्हटले की बँड आला, वरात आली, आणि उघड्या जुन्या मोटारीतून वधूवरांस न्यावे ही हौसही हल्ली आली. नात्यातल्या एका मुलाने चर्चपासून मंडपापर्यंत गाडी मागितली. मालकांनी भिडेखातर होकार दिला. आणि आसने दोन आहेत ही गोष्ट गाडी पायरीशी लागेपर्यंत कोणाच्या ध्यानी आली नाही. नवरदेवाने चालवावी तर पहिला गिअर टाकण्याची जी दुहेरी क्लचची विद्या लागते ती त्यास अवगत नव्हती, आणि असती तरी मालक स्वतःच्या मुलासही किल्ली देत नाहीत. अखेर सुकाणूवर मालक, डावीकडे शुभ्र वस्त्रांतली वधू, पुढे बँड, आणि मागे एका रिक्षात सूट-टाय घातलेला, हातात गुच्छ धरलेला वर, असा थाट निघाला. रस्त्यावरच्या दुतर्फा गर्दीने मालकांचेच अभिनंदन केले. ताशी ७५ मैलांसाठी घडविलेले यंत्र बँडच्या पावलांनी चालविल्याचा परिणाम अर्ध्या वाटेवर दिसू लागला. बोनेटमधून वाफ आली, बँडवाल्यांनी ती शोभेची समजून सूर चढविला, आणि शेवटी रिक्षातून उतरून वरानेच आपली वधू व पन्नाशी उलटलेला तिचा सारथी ह्या दोघांस मंडपाच्या दारापर्यंत ढकलत नेले. छायाचित्रांच्या संग्रहात पहिल्याच पानावर ते चित्र आहे. वहिनी ते मागून घेऊन आल्या, आणि वहीत ‘इंग्रज’ खात्याच्या जमेच्या बाजूस चिकटवून ठेवले. त्या बाजूस दुसरे काहीच नव्हते.

२०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठी स्वतंत्र बंदोबस्त केला. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढे फेरनोंदणीस ५,००० रुपये, नंबरात राज्याच्या अक्षरांमागून ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि अट अशी, की चेसी, बॉडी व एंजिन ह्यांत मोठे फेरफार केलेले नसावेत. आगाशीचे सागवान हा मोठा फेरफार धरावा काय, ह्यावर दरबारात एक रविवार खर्ची पडला. मास्तरांचे मत असे पडले, की वाळवीने जे आधी काढून नेले त्याच्या जागी काही भरणे हा फेरफार नसून पुनर्वसन आहे. खरी खळबळ उडाली ती पुढच्या अटीने. अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढावी. फियाटवाल्यांनी हे वाचून दाखविले तेव्हा आंब्याखाली क्षणभर सुतकी शांतता पसरली. मग मालकांनी हिशेब घातला, की गेल्या अनेक वर्षांत आपली गाडी पेट्रोलपंप, मिस्त्रीचा गाळा आणि लोकांस दाखविणे ह्यांपलीकडे गेली तरी कोठे होती? सरकारने नवे बंधन काही घातले नव्हते. त्यांच्या वहिवाटीस तेवढे कायद्याचे रूप दिले होते. अर्जावर त्यांनी मोठ्या समाधानाने सही केली. पेन्सिलीने कागदावर घासून चेसी नंबरचा ठसा काढण्याचे काम मात्र निम्मा दिवस चालले. गंजाखालून जो आकडा उमटला तो ३ की ८, ह्याविषयी अद्याप एकमत नाही.

अलीकडे त्यांस एक नवाच उपद्रव सुरू झाला आहे. एम. जी. हे नाव आता चिनी कंपनीकडे असून २०१९ पासून त्या नावाच्या गाड्या गुजरातेत हालोलला तयार होतात, आणि अहमदाबादच्या महामार्गाने आपल्याच दारावरून मुंबईस जातात. त्यामुळे सिग्नलला शेजारी उभा राहिलेला तरुण रेडिएटरवरचा अष्टकोन पाहून विचारतो, ‘काका, ही पण बॅटरीवर चालते का?’ मालक म्हणतात, ‘बॅटरी असली तर.’

२०२४ च्या फेब्रुवारीत वसई किल्ल्याच्या जेट्टीपासून भाईंदरला रो-रो बोट सुरू झाली, आणि महामार्गाने ३५-४० किलोमीटरचा जो वळसा पडतो तो पाव तासाच्या पाण्यावर आला. वडिलांच्या दोन होड्यांनंतर गाडीने पुन्हा खाडी ओलांडावी, हा मोह मालकांस आवरेना. भाईंदरच्या अंगाचा एक मिस्त्री रेडिएटर पाहून देतो म्हणाला होता, सबब कायद्याच्या अटीही पाळल्या जात होत्या. पुढच्या रविवारी दरबार खचाखच भरला. मालकांनी सांगितले, की गाडी एका किल्लीत सुरू झाली, बोटीवर चढली, उतरली, मिस्त्रीने रेडिएटर चांगला आहे म्हणून सांगितले, चहा घेतला, आणि त्याच वाटेने परत आलो.

‘मग?’ मास्तरांनी विचारले.

‘मग काय? आलो घरी.’

‘कुठेच नाही?’

‘कुठेच नाही.’

मास्तरांनी घसा खाकरला आणि यंदा हापूस कमी आला असे म्हणाले. फियाटवाले घड्याळ पाहू लागले. मालक स्वतःही अपराध्यासारखे खाली पाहत होते, आणि मला वाटते, त्याच वेळी त्यांनी पुन्हा जाण्याचे ठरविले असावे. दोन-तीन आठवड्यांनी ते गेले. परतीच्या खेपेस बोट किल्ल्याच्या जेट्टीस लागली, फळी पडली, मालकांची गाडी सर्वांत पुढे. आणि नेमक्या त्या घटकेस पेट्रोलच्या पंपाची टकटक थांबली. मागे ट्रक, टेम्पो, नव्या गाड्या, दुचाक्या, सर्वांचे भोंगे, बोटीवरच्या खलाशांचे हातवारे, आणि समोर चढ. मालकांनी बोनेट उघडले, पंपावर पान्याचा एक ठोका दिला, मग दुसरा, मग तिसऱ्यास... येथवर सांगून झाले, तोवर फियाटवाल्यांनी आपला चहा बाजूस ठेवला होता, वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि मास्तरांनी खुर्ची पुढे ओढून, चष्मा नीट बसवून, कज्जाची उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाच्या स्वरात विचारले:

‘भरती होती, की ओहोटी?’